दिवसभराच्या वर्तुळाकार डोंगरवाटेचे नियोजन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डोंगरात गेल्या वाटेनेच परतणे वेगळे आणि एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरत पुन्हा सुरुवातीच्या ठिकाणी येणे वेगळे. अंतर दोन्हींचे सारखे असले, तरी नियोजनाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक पडतो. पहिल्या प्रकारात परतीची वाट जातानाच पायाखालून गेलेली असते, त्यामुळे कुठे निसरडे आहे आणि कुठल्या वळणावर चुकण्याची शक्यता आहे, हे उतरताना आपल्याला ठाऊक असते. वर्तुळाकार वाट मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत नवीच राहते, आणि तिचा अनोळखी भाग नेमका पाय थकल्यावर व उजेड कलू लागल्यावर पुढ्यात येतो. म्हणून अशा वाटेचे महत्त्वाचे निर्णय घरी, नकाशा समोर पसरून घ्यावेत. कुठल्या दिशेने फिरायचे, कुठे किती वाजता असायला हवे, कुठून मागे वळायचे आणि कुठून मधूनच खाली उतरता येईल, हे चार प्रश्न निघण्यापूर्वी सुटलेले असले, तर डोंगरावर फक्त चालायचे काम उरते.

वाट निवडताना

नवखी माणसे बहुधा किलोमीटर पाहून वाट निवडतात. सपाटीवर १८ किलोमीटर आरामात चालणारा माणूस डोंगरातही १८ किलोमीटर चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण डोंगरात दम लागतो तो चढाईच्या मीटरांनी. त्यामुळे वाटेची लांबी आणि एकूण चढाई हे दोन्ही आकडे हाती आल्याखेरीज ती वाट आपल्याला झेपेल की नाही हे ठरवू नये. एकूण चढाई म्हणजे पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक नव्हे. वाट मध्ये दोनदा खिंडीत उतरून पुन्हा चढत असेल, तर ते चढही त्यात मिळवायचे असतात, आणि लांब डोंगरधारेवर अशी बेरीज सहज दोन-तीनशे मीटरांची होते.

इथे वर्तुळाकार वाटेचा एक फायदा आहे. सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी असल्याने तिची एकूण चढाई आणि एकूण उतराई तंतोतंत सारखी असलीच पाहिजे. एखाद्या माहितीत चढाई १२०० मीटर आणि उतराई ९०० मीटर असे लिहिलेले आढळले, तर मोजणीत गडबड आहे किंवा ती वाट पूर्ण फेरीची नाही, असे समजून दुसरीकडे खातरजमा करावी.

वाट त्या दिवसांत खुली आहे का, प्रवेशासाठी परवानगी लागते का, प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत का आणि सुरुवातीच्या ठिकाणी वाहन ठेवता येते का, ही चौकशी त्या भागाची देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडेच करावी. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये. दरड कोसळल्याने किंवा ओढ्यावरचा साकव वाहून गेल्याने बंद झालेली वाट त्या वर्णनांत खुलीच असते.

नकाशा वाचणे

ज्याने नकाशा कधी नीट पाहिलेला नाही, त्याने या टप्प्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तर १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. वाटेच्या वळणावळणांवरून दोरा ठेवत न्यावा आणि मग तो सरळ ताणून पट्टीवर मोजावा. आलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा थोडे कमीच असते, कारण उभ्या चढावर वाट जी बारीक नागमोडी वळणे घेते, ती या प्रमाणात काढताच येत नाहीत.

यानंतर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहाव्यात. दोन रेषांमधल्या उंचीचा फरक नकाशाच्या कडेला लिहिलेला असतो. समजा १:५०,००० च्या नकाशावर तो २० मीटर आहे आणि वाट जिथून रेषा ओलांडते, तिथे त्यांच्यात २ मिलिमीटरचे अंतर आहे; म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात वाट २० मीटर चढते आणि उतार साधारण ११ अंशांचा आहे. हेच अंतर १ मिलिमीटर झाले की उतार जवळपास २२ अंशांचा होतो, आणि मातीच्या किंवा सुट्या खड्यांच्या घसाऱ्यावर इतक्या उतारावरून उतरताना पाऊल जपूनच टाकावे लागते. रेषा एकमेकींना चिकटून गेल्या असतील, तर तिथे कडा आहे. वाट अशा जागेच्या वरून जाते, खालून जाते की मधूनच, हे भिंगाखाली पाहून घ्यावे.

या बैठकीतच वाट पेन्सिलीने गिरवून तिच्यावर चार प्रकारच्या खुणा कराव्यात: वाटा फुटतात ते फाटे, पाणी मिळण्याच्या जागा, ओलांडावे लागणारे ओढे आणि मुख्य वाट सोडून वस्तीकडे किंवा रस्त्याकडे उतरणाऱ्या पर्यायी वाटा. शेवटची खूण सर्वांत मोलाची. फेरीच्या उत्तरार्धात एकही उतरती वाट नसेल, तर ती वाट वाईट आहे असे नाही, पण पहिल्या खेपेला मी ती सुचवणार नाही.

कोणत्या दिशेने फिरावे

फेरी उजवीकडून करायची की डावीकडून, हा प्रश्न किरकोळ वाटतो, आणि बहुतेक जण पाटीवरचा बाण पाहून तो जागेवरच सोडवतात. प्रत्यक्षात दिवस सोपा जाणार की अवघड, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

माझा कल नेहमी उभी बाजू चढायला घेण्याकडे असतो. उभ्या चढावर दम लागतो, पण हात टेकता येतात आणि पाऊल कुठे पडते ते डोळ्यांसमोर असते. तीच बाजू उतरताना सारा भार गुडघ्यांवर आणि अंगठ्यांवर येतो आणि घसरण्याची भीती वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटेतला सर्वांत अवघड टप्पा, मग तो कातळावरचा असो, अरुंद धारेवरचा असो की ओढ्यातला, फेरीच्या पूर्वार्धात यावा. तो जमला नाही तर तासाभरात मागे फिरता येते. तोच टप्पा पंधराव्या किलोमीटरवर आला, तर मागे पंधरा किलोमीटर आणि पुढे न जमणारी जागा, अशी कोंडी होते, आणि असल्या कोंडीत माणसे नको ते धाडस करतात.

याखेरीज दोन-तीन गोष्टी तोलून पाहाव्यात. उघडी डोंगरधार दुपारच्या आत पार होईल अशी दिशा बरी, कारण उष्ण दिवसांत विजांचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे सकाळी उतरलेले असतात आणि दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर फुगतात, म्हणून ते लवकर ओलांडावेत. सावलीची बाजू उन्हाच्या वेळेला यावी. सगळेच एका दिशेत जमत नाही. अशा वेळी अवघड टप्पा लवकर येण्याला झुकते माप द्यावे.

वेळेचा हिशोब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे. त्याचे दशमान रूप असे: दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. पुढे एरिक लँगमूर यांनी उताराची दुरुस्ती सुचवली. ५ ते १२ अंशांच्या सौम्य उतारावर दर ३०० मीटर उतराईमागे १० मिनिटे वजा करावीत आणि १२ अंशांहून उभ्या उतारावर तितकीच मिनिटे मिळवावीत. नवख्यांनी वजाबाकीच्या फंदात न पडता फक्त बेरीज करावी.

एक नमुना घेऊ. फेरी १८ किलोमीटरची, चढाई १२०० मीटर. पायथ्यापासून खिंडीपर्यंत ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ, म्हणजे १२० मिनिटे. खिंडीपासून माथ्यापर्यंत ३ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ, म्हणजे ७६ मिनिटे. माथ्यावरून धारेने ४ किलोमीटर, त्यात २०० मीटर चढ आणि तेवढाच उतार, म्हणजे ६८ मिनिटे. शेवटी धारेवरून पायथ्यापर्यंत ६ किलोमीटर आणि १००० मीटर उतार. त्यांतले ६०० मीटर उभे धरले तर ९२ मिनिटे. बेरीज ३५६ मिनिटे, म्हणजे जवळपास ६ तास. हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्या सरावाच्या माणसाचा आहे. त्यात विश्रांती, खाणे, फोटो आणि वाट शोधणे यांसाठी एक तृतीयांश भर घातली की सुमारे ७ तास ५५ मिनिटे होतात, आणि नवख्यांच्या गटाने हाच आकडा खरा मानावा. गटाचा वेग हा गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग असतो, हेही इथेच लक्षात घ्यावे.

या आकडेमोडीतून एक गोष्ट दिसते, ती नुसते किलोमीटर पाहून दिसत नाही. अंतराचा मध्य ९ किलोमीटरवर आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत दिवसाच्या चालण्यातला सुमारे ६० टक्के वेळ खर्ची पडलेला असतो. माथ्यावर उभे राहून पाहिले, तर पुढची वाट १६० मिनिटांची उरते आणि मागची, ८ किलोमीटर सरळ उताराची, सुमारे ९६ मिनिटांची आहे. मागे आणि पुढे जायला सारखाच वेळ लागेल असा बिंदू माथ्यानंतर जवळपास २ किलोमीटरवर, म्हणजे दहाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. तोवर काही बिनसले, तर ‘अर्धे तर झालेच’ असे म्हणत पुढे रेटण्यापेक्षा मागे फिरणेच जवळचे, शिवाय ती वाट पाहिलेली.

आता या हिशोबाला घड्याळ जोडावे. सूर्यास्त सायंकाळी ६ वाजता असेल, तर त्याआधी दोन तास, म्हणजे ४ वाजता खाली पोहोचायचे असे धरावे. दऱ्यांत आणि दाट झाडीत अंधार सूर्यास्ताची वाट पाहत नाही. माथ्यापासून पुढचे १६० मिनिटे आणि वरची एक तृतीयांश भर मिळून साधारण साडेतीन तास होतात. म्हणजे दुपारी १२:२५ नंतर माथ्यावरून पुढे निघायचे नाही. ही वेळ कागदावर लिहावी, सर्वांना सांगावी आणि ती लक्ष्मणरेषा मानावी. सकाळी ६:३० वाजता निघालेला गट हिशोबाप्रमाणे ११ च्या आत माथ्यावर पोहोचतो, म्हणजे दीड तासाची सवड आहे. ९ वाजता निघालेल्या गटाला तीच वेळ हुकण्याचा संभव जास्त. पहाटे उठण्याचा आग्रह अनुभवी मंडळी का धरतात, ते या वजाबाकीत आहे.

हवामान

अंदाज पाहायचा तो पायथ्याच्या गावाचा नव्हे, माथ्याच्या उंचीचा. हवा दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने थंड होत जाते. पायथ्याला २० अंश असतील तर हजार मीटर वर १३ ते १४ अंश, आणि वाऱ्यात ते त्याहून बरेच कमी जाणवतात. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे शरीर तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही धोक्याच्या पातळीपर्यंत गार पडू शकते. सुती कपडे याच कारणासाठी टाळावेत: ते पाणी धरून ठेवतात आणि वाळायला वेळ घेतात.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात, म्हणून ३० सेकंद म्हणजे वीज १० किलोमीटरवर पडली. याहून कमी वेळ भरला तर धार, माथा आणि एकाकी झाड सोडून खाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नये. अंदाजातच दुपारी विजा दिसत असतील, तर उघड्या धारेची फेरी त्या दिवशी करूच नये. डोंगर पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

पाणी, खाणे आणि पाठीवरचे ओझे

सौम्य हवेत ताशी अर्धा लिटर पाणी धरावे. उन्हात चढ असेल तर हा आकडा एक लिटरपर्यंत जातो. आठ तासांच्या वाटेला किमान ४ लिटर, म्हणजे ४ किलो वजन झाले. ते पेलत नसेल, तर मधल्या पाणवठ्याचा आधार घ्यावा लागतो, आणि तो पाणवठा त्या महिन्यात वाहता असल्याची खात्री अलीकडेच तिकडे जाऊन आलेल्या माणसाकडून करून घ्यावी. नकाशावरच्या निळ्या रेषेला ऋतू कळत नाही. उघड्यावरचे पाणी उकळून प्यायचे असेल, तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट आणि २००० मीटरहून अधिक उंचीवर ३ मिनिटे उकळू द्यावे. साधे गाळणीचे फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू मात्र बहुधा अडवत नाहीत. जास्त घाम जात असेल तर नुसते पाणी पीत राहू नये. मिठाचा अंश पोटात जायला हवा, नाहीतर रक्तातले सोडियम उतरून डोके दुखते आणि मळमळते.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. भूक लागण्याची वाट न पाहता दर तास-दीड तासाने थोडे थोडे खावे, आणि पोटाला सवय असलेलेच पदार्थ न्यावेत.

सॅकमध्ये पावसाचे जाकीट, एक उबदार थर, हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य, टोपी, कागदी नकाशा, होकायंत्र आणि एका जेवणाइतके जादा खाणे एवढे असलेच पाहिजे, आकाश कितीही निरभ्र असो. हेडटॉर्च तर दिवसाच्या वाटेवरच नेमका घरी राहतो. उंचीबरोबर अतिनील किरणे दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून थंड हवेतही ऊन भाजते.

बूट नवे नसावेत. निघण्यापूर्वी पायाची नखे कापावीत, कारण लांब उतारावर वाढलेले नख बुटाच्या टोकाशी घासून काळेनिळे पडते. उतार सुरू होण्यापूर्वी थांबून घोट्याजवळची नाडी घट्ट करावी, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. टाचेवर चुणचुण जाणवली की फोड येण्याची वाट न पाहता तिथल्या तिथे मोजा काढावा, घाम पुसून कोरडे करावे आणि चिकटपट्टी लावावी. या पाच मिनिटांसाठी गटाला थांबवायचा संकोच अनेकांना वाटतो, आणि मग तीन तासांनी त्यांच्या लंगडण्यामुळे गट अर्धा तास मागे पडतो.

वाटेवर

मोबाइलमधला नकाशा घरीच उतरवून घ्यावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशाचे चित्र आधी साठवलेले नसेल तर कोऱ्या पडद्यावर फक्त एक ठिपका दिसतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तर बॅटरी बरीच वाचते. थंडीत तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा.

प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी थांबावे, नकाशा पाहावा आणि वेळ टिपावी. निघताना एकदा मागे वळून त्या जागेकडे पाहावे: उलट दिशेने येताना हाच फाटा वेगळा दिसतो, आणि माघार घ्यावी लागली तर तो ओळखता यायला हवा. टिपलेली वेळ आणि हिशोबातली वेळ यांची तुलना पहिल्या खिंडीतच करावी. नमुन्यातल्या फेरीत खिंडीपर्यंत २ तास ४० मिनिटे धरलेली होती आणि तिथे साडेतीन तास लागले, तर पुढचा दिवसही त्याच प्रमाणात लांबणार आणि फेरी साडेदहा तासांच्या घरात जाणार. सकाळी दिसलेली सवड इथेच संपते. अशा वेळी पाय झपाझप उचलून भरपाई करू नये. फेरी अर्धवट सोडून परतावे किंवा नकाशावर खूण केलेल्या उतरत्या वाटेने खाली यावे.

वाट चुकल्याची शंका आली तर पुढे शोधत जाण्याऐवजी, जिथे खात्री होती त्या शेवटच्या जागेपर्यंत मागे यावे. ढोरवाटा काही अंतर मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात आणि मग झुडपांत विरून जातात. ओढ्याच्या काठाने गेलो की आपोआप खाली पोहोचू, ही समजूतही घातक आहे, कारण डोंगरातले ओढे वाटेत कड्यांवरून उड्या घेतात. कुणाला दुखापत झाली आणि हालचाल अशक्य असली, तर शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. प्रतिसाद मिनिटात तीन वेळा येतो. प्रतिसाद मिळाल्यावरही मदत प्रत्यक्ष येईपर्यंत संकेत चालू ठेवावा, कारण शोधणारे आवाजाच्या रोखाने येत असतात.

घरी ठेवायचा कागद

निघण्यापूर्वी एका विश्वासू माणसाकडे एक कागद द्यावा. त्यावर फेरीचे नाव, फिरण्याची दिशा, गटातील सर्वांची नावे आणि फोन क्रमांक, वाहनाचा क्रमांक व ते ठेवण्याची जागा, खाली पोहोचण्याची अपेक्षित वेळ आणि त्या भागातला आपत्कालीन क्रमांक लिहावा. अपेक्षित वेळेखेरीज ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागव’ अशी दुसरी वेळही त्यात हवी, नाहीतर घरचा माणूस एक तर तासाभरातच घाबरतो किंवा संकोचाने मध्यरात्रीपर्यंत वाट पाहतो. वर्तुळाकार वाटेत फिरण्याची दिशा लिहिणे विशेष आवश्यक आहे. ती माहीत असेल तर शोधपथकाला ठरलेल्या वेळेवरून गट साधारण कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, नाहीतर पूर्ण फेरी दोन्ही बाजूंनी धुंडाळावी लागते. डोंगरावर बेत बदलला आणि नेटवर्क मिळाले, तर बदललेली वाट लगेच कळवावी. खाली उतरल्यावर बूट काढण्याआधी पहिला फोन त्याच माणसाला करावा, आणि त्यानंतर फाट्यांवर टिपलेल्या वेळा वहीत उतरवून घ्याव्यात. पुढच्या फेरीचा हिशोब करताना एक तृतीयांश भरीच्या जागी आपल्या स्वतःच्या वेगाचा आकडा वापरता येईल.